तान्हेपणी हृदयाचे ऑपरेशन झाले. आता मुलाच्या वाढीकडे लक्ष द्या

करंजाड्याच्या बाजूला भाताच्या बियाण्याविषयी बोलायला गेलो की हल्ली बियाण्यापेक्षा इतरच प्रश्न जास्त येतात. पनवेलला लागून असलेल्या या गावाची बरीच खाचरे सिडकोच्या वसाहतीखाली गेली. विमानतळासाठी हललेल्या गावांतली काही कुटुंबेही याच भागात येऊन वसली. ज्यांची शेती राहिली आहे ती माणसे बियाण्याचे विचारतात, बाकीची घरचे सांगतात. तिथेच एका आजीने मला विचारले, "साहेब, नातवाचे चार महिन्यांचा असताना हृदयाचे ऑपरेशन झाले. डॉक्टर म्हणतात हृदय ठणठणीत आहे. मग पहिलीत बसल्यावर याच्या डोक्यात काही राहत का नाही? बाई म्हणतात लक्ष नाही, बाप म्हणतो लाडावला आहे. आम्ही काय समजायचे?"

आता तुम्ही म्हणाल, शेतीखात्याच्या माणसाला यातले काय कळते? खरे आहे, मी डॉक्टर नाही. पण प्रश्न माझ्या ओळखीच्या चार-पाच घरांत निघाला, म्हणून मी जाणकारांना विचारले, वाचले आणि जे पक्के समजले तेवढेच इथे मांडतो आहे. औषध-उपचाराचा शब्द शेवटी तुमच्या डॉक्टरांचाच.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. हजार बाळे जन्मली तर त्यांतील आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मतःच काही ना काही दोष असतो. कुणाच्या हृदयाच्या पडद्याला भोक, कुणाची झडप अरुंद, तर कुणाच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली. काही भोके आपोआप बुजतात. काही बाळांना मात्र पहिल्या वर्षातच, कधी पहिल्या महिन्यातच ऑपरेशन लागते. आपल्या लहानपणी अशी बाळे 'बाळदम्याने गेली' किंवा 'निळे पडून गेले' एवढ्यावर विषय संपत असे. आज ती वाचतात. करंजाड्यापासून जवळच, खारघरला, श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया विनामूल्य होतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरलेल्या इतर रुग्णालयांतही खर्चाची सोय आहे. या योजनेचे पूर्वीचे रूप म्हणजे राजीव गांधी जीवनदायी योजना. ती २०१२ साली ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला रायगड होता. सांगायचा मुद्दा असा की, ऑपरेशन झालेली आणि शाळेत जाणारी मुले आता गावोगाव दिसू लागली आहेत, आणि त्यांच्या पुढच्या वाढीचा प्रश्न आपल्याला नवीन आहे.

अमेरिकेतल्या बोस्टनच्या बालरुग्णालयात १९८८ ते १९९२ या काळात रक्तवाहिन्यांची अदलाबदल असलेल्या १७१ तान्ह्या बाळांच्या शस्त्रक्रिया झाल्या. तिथल्या डॉक्टरांनी ही मुले सोडून दिली नाहीत. ती एक वर्षाची, चार वर्षांची, आठ वर्षांची आणि सोळा वर्षांची झाली तेव्हा त्यांना परत बोलावून तपासले. सोळाव्या वर्षी काय दिसले? बहुतेकांची बुद्धी इतर मुलांसारखीच होती. पण लक्षात ठेवणे, कामाची आखणी करणे, आकृती पाहून समजणे, समोरच्याच्या मनात काय चालले आहे हे ओळखणे, यांत बरीच मुले मागे पडत होती. शंभरातल्या पासष्ट मुलांना शाळेच्या काळात कधी ना कधी अभ्यासासाठी किंवा वागणुकीसाठी खास मदत घ्यावी लागली होती. त्यांना मदत मिळाली, कारण कोणीतरी बघत होते. आपल्याकडे याच मुलाला 'मठ्ठ' म्हणतात आणि एक चापट देतात.

असे का होते, हे आजीला सांगताना मी लावणीचा दाखला दिला. गादीवाफ्यावर ज्या रोपाला अन्न कमी पडले, ते रोप लावणीच्या दिवशी हातात घेतले तर वेगळे दिसत नाही. चिखलात रोवले की मूळही धरते, आठवड्याभरात हिरवेही होते. फुटवे यायच्या वेळी मात्र शेजारच्या चुडापेक्षा त्याला दोन फुटवे कमी दिसतात. बाळाचेही थोडे तसेच आहे. हृदयात मोठा दोष असेल तर आईच्या पोटात असतानाच बाळाच्या मेंदूकडे जाणाऱ्या रक्तात प्राणवायू कमी असतो. मोठे हृदयदोष असलेली बाळे पूर्ण दिवसांची जन्मली तरी त्यांचा मेंदू सुमारे महिनाभर मागे असल्याचे मेंदूच्या चित्रांत दिसले आहे. म्हणजे ऑपरेशनच्या टेबलावर पोचण्याआधीच थोडी उणीव आलेली असते. त्यात पुढे निळेपणाचे दिवस, दूध ओढता न येणे, हृदय-फुप्फुस यंत्रावरचे तास, अतिदक्षता विभागातले आठवडे आणि आईपासून दूर राहणे यांची भर पडते.

पालक बऱ्याच वेळा रुग्णालयाला किंवा सर्जनला दोष देतात, किंवा स्वतःला तरी. म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. २२ संस्थांतल्या १,७७० मुलांची माहिती एकत्र करून २०१५ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. ही सगळी मुले तान्हेपणी हृदयाचे ऑपरेशन झालेली होती आणि त्यांना साधारण सव्वा वर्षाची असताना तपासले होते. त्यांच्या विकासातला फरक ऑपरेशनच्या बारीकसारीक तपशिलांनी फारसा उलगडला नाही. जन्माचे वजन, इतर जन्मदोष आणि आईचे शिक्षण यांचा परिणाम त्यापेक्षा जास्त दिसला. आणखी एक, या वयात विचारशक्तीपेक्षा हातापायांची हालचाल जास्त मागे होती. आईच्या शिक्षणाचे वाचून कुणी सुनेला बोल लावू नये. अर्थ एवढाच की बाळाशी किती बोलले जाते, त्याला काय दाखवले जाते, कुठे अडले ते वेळेत कोणाच्या ध्यानात येते, याला फार महत्त्व आहे. हे काम घरातले कोणीही करू शकते, आजोबासुद्धा.

ग्रहणात विळी हाताळली म्हणून हृदयाला भोक पडले, हे अजूनही ऐकू येते. त्यात काही तथ्य नाही. बहुतेक वेळा नेमके कारण सापडतच नाही. गरोदरपणात आईला झालेला रुबेला, आटोक्यात नसलेला मधुमेह, जवळच्या नात्यातले लग्न यांनी धोका वाढतो, एवढे मात्र माहीत आहे. सुनेच्या माहेरचा यात काही संबंध नाही.

सगळ्याच मुलांना धोका सारखा नसतो, हेही लक्षात घ्या. साधे भोक असून ते मांडीच्या शिरेतून छत्रीसारखी वस्तू नेऊन बुजवले असेल, मूल एरवी निरोगी असेल, तर फारशी काळजी नको. ज्याचे पहिल्या वर्षातच छाती उघडून ऑपरेशन झाले, जे बरेच दिवस निळे होते, जे दिवसांआधी जन्मले, ज्याची एकाहून जास्त ऑपरेशने झाली, ज्याला रुग्णालयात झटके आले किंवा ज्याला डाऊन सिंड्रोमसारखा दुसरा जन्मदोष आहे, त्याच्यावर लक्ष जास्त हवे.

आता घरी काय करायचे ते पाहू. छाती उघडून ऑपरेशन झाले असेल तर छातीचे हाड जुळेपर्यंत, म्हणजे साधारण सहा ते आठ आठवडे, बाळाला काखेत हात घालून उचलू नये. एक हात मानेखाली-पाठीखाली आणि दुसरा ढुंगणाखाली घेऊन ओंजळीत घेतल्यासारखे उचलावे. इथपर्यंत बहुतेक घरे पाळतात. गडबड पुढे होते. हाड जुळते, डॉक्टर परवानगी देतात, तरी बाळ महिनोन्‌महिने पाठीवरच किंवा कडेवरच. पोटावर पालथे घालायला सगळे घाबरतात. पालथे पडल्याशिवाय मान आणि खांदे बळकट होत नाहीत आणि रांगणे लांबते. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, 'आता पालथे घालू का?' त्यांनी हो म्हटले की दिवसातून चार-पाच वेळा, बाळ जागे असताना, कोणीतरी समोर बसून, घोंगडीवर घाला. रडले तर उचला, थोड्या वेळाने पुन्हा घाला.

चौथा महिना संपला तरी मान धरत नाही, नऊ महिन्यांचे झाले तरी आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षाचे झाले तरी चालत नाही, दोन वर्षांचे झाले तरी 'पाणी दे', 'बाबा आला' असे दोन शब्द जोडत नाही, यांतले काहीही दिसले तर 'त्याचा बापही उशिराच बोलला' असे म्हणून थांबू नका. दिवसांआधी जन्मलेल्या किंवा खूप दिवस रुग्णालयात राहिलेल्या बाळाला थोडी सूट मिळेल, पण ती सूट डॉक्टरांनी द्यावी, शेजारणीने नाही.

खाण्याबद्दल थोडेच सांगतो. ऑपरेशन झालेली बरीच मुले खायला त्रास देतात. नळीने दूध घेतल्यामुळे त्यांना तोंडात घास धरण्याची सवय नसते, आणि आई धास्तावून कोंबत राहते. कोंबू नका. थोडे थोडे, जास्त वेळा, घरातल्या माणसांबरोबर बसवून द्या. अंगात रक्त कमी असेल तर मेंदूच्या वाढीला आणखी खीळ बसते, म्हणून रक्ताची तपासणी करून घ्या. नाचणी, अंडे, डाळ, पालेभाजी हे सगळे चांगलेच, पण रक्त फारच कमी असेल तर नुसत्या नाचणीने ते भरून येत नाही. तिथे डॉक्टरांनी दिलेले लोहाचे औषधच लागते. दात स्वच्छ ठेवा. किडक्या दातांतून रक्तात जंतू गेले तर काही मुलांच्या हृदयाला त्यांचा त्रास होऊ शकतो. दात काढायची वेळ आली तर दंतवैद्याला ऑपरेशनचे आधी सांगा.

शाळेत घालायच्या वेळी जे दिसते ते हातापायांपेक्षा वेगळे असते. मूल गोष्ट ऐकते पण दोन कामे एकदम सांगितली की दुसरे विसरते. पाटीवर पाहून उतरवताना ओळ चुकते. पाढा आज येतो आणि उद्या जातो. एका जागी बसत नाही, किंवा नुसते बसून राहते. खेळात मुलांच्या बोलण्याचा रोख कळत नाही, म्हणून एकटे पडते. यातले एखादे लक्षण तर कोणत्याही मुलात सापडेल. पण तान्हेपणी हृदयाचे ऑपरेशन झालेल्या मुलात अशी तीन-चार लक्षणे दिसली, तर त्याचा आळस किंवा हट्ट समजू नका. शिक्षकांना भेटा. वर्गात पुढे बसवणे, एका वेळी एकच सूचना देणे, लिहायला जास्त वेळ देणे, या गोष्टींना पैसा लागत नाही. तपासणीत अध्ययन अक्षमता निघाली तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. पण प्रमाणपत्र वेळेवर काढावे लागते. दहावीच्या फेब्रुवारीत धावाधाव करून उपयोग नाही.

अनेक पालक शाळेला ऑपरेशनचे सांगतच नाहीत. का, तर मुलाला कोणी 'हार्टवाला' म्हणून हिणवू नये. त्यांची भीती खोटी नाही. तरी वर्गशिक्षकांना एकट्यांना भेटून सांगावे, असे माझे मत आहे.

याच्या उलट चूकही होते, आणि ती मला जास्त घरांत दिसते. मूल धावले की आजी ओरडते, झाडावर चढले की आई रडते. पूर्वी अंगण होते, खळे होते, पोर कुठेही लोळत असे. आता इमारतीतल्या दोन खोल्यांत त्याला दिवसभर मोबाइल देऊन बसवतात, 'निदान पळत तरी नाही' म्हणून. अशा मुलाला खरोखरच वाटू लागते की आपण कोणत्याही क्षणी मरणार आहोत. ऑपरेशन चांगले झालेल्या बहुतेक मुलांना धावायला, पोहायला, सायकल चालवायला मुभा असते. काहींना मर्यादा असतात. कृत्रिम झडपेमुळे रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कबड्डीसारखा अंगाला भिडणारा खेळ नको. आपल्या रायगडात पोराला कबड्डी नको सांगणे किती अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून अंदाजाने बंदी घालू नका आणि अंदाजाने सूटही देऊ नका. कोणता खेळ चालेल आणि कोणता नाही, ते हृदयाच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद शाळेत द्या.

मूल बारा-तेरा वर्षांचे झाले की मनाचे प्रश्न वाढतात. छातीवरची खूण लपवायला ते सदरा काढत नाही, नदीवर पोहायला जात नाही. रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडते म्हणते. तपासणीत हृदय व्यवस्थित निघते, मग घरचे म्हणतात 'नाटक करतोय'. तान्हेपणी मोठे ऑपरेशन झालेल्या मुलांत चिंता, उदासी आणि चंचलता इतर मुलांपेक्षा जास्त आढळते, हे अनेक ठिकाणच्या पाहण्यांत दिसले आहे. धडधड आधी हृदयाच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावीच. तिथे काही निघाले नाही तर मनाचा उपचार करावा. घरात त्याच्याशी मोकळे बोला. त्याच्या हृदयाला काय झाले होते, कुठे शिवले, आता काय स्थिती आहे, हे त्याच्या वयाला समजेल अशा शब्दांत सांगा. ऑपरेशनची गोष्ट पाहुण्यांना दहा वेळा सांगितली जाते, आणि ज्याचे ऑपरेशन झाले त्याला कोणी एकदाही समोर बसवून सांगत नाही, असे मी पाहिले आहे.

मुलींचे वेगळे सांगायला हवे. दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. हृदयाचे ऑपरेशन सांगितलेल्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे वर्षभरात काय झाले ते त्यांनी पाहिले. शंभरातल्या ७० मुलग्यांचे ऑपरेशन झाले होते, मुलींपैकी मात्र ४४ जणींचेच. लग्न, छातीवरची खूण, खर्च, ही कारणे आपल्यालाही अनोळखी नाहीत. ऑपरेशन झालेल्या मुलीचेही पुढे हेच होते. वयात आली की तपासणी बंद होते, फाईल लपवली जाते, आणि ती गरोदर राहिल्यावर सासरी कोणालाच काही माहीत नसते. तान्हेपणी ऑपरेशन झालेल्या अनेक स्त्रिया सुखरूप बाळंत होतात. पण गरोदर राहण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांचा सल्ला घेतलाच पाहिजे, कारण काही दोषांत गरोदरपण जिवावर बेतू शकते. लग्न ठरवताना खूण लपवणाऱ्या आई-बापांनी याचा विचार करावा.

आई-बापांच्या मनाचे कोणी विचारत नाही. काचेपलीकडे नळ्या लावलेले बाळ दिवसेंदिवस पाहिलेल्या आईला वर्षभरानंतरही यंत्राचा आवाज आठवून घाम फुटतो. बाप बोलत नाही, चिडचिड करतो, कर्जाचे आकडे मांडत बसतो. हा दुबळेपणा नाही, आणि असे अनेकांना होते. १४४१६ या क्रमांकावर 'टेली मानस' ही सरकारी सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे. फोन विनामूल्य असतो आणि मराठीत बोलता येते. मोठ्या मुलालाही हा क्रमांक देऊन ठेवा.

तपासणी केव्हा करायची? अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेने २०१२ साली अशा मुलांसाठी सुचवलेली वये आपल्यालाही लक्षात ठेवायला सोपी आहेत. पहिली एक ते दोन वर्षांच्या दरम्यान, दुसरी तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान, म्हणजे शाळेत घालण्याआधी, आणि तिसरी अकरा-बारा वर्षांचे झाल्यावर. मूल व्यवस्थित दिसत असले तरीही. ही तपासणी हृदयाच्या सोनोग्राफीपेक्षा वेगळी असते. तिच्यात मुलाची हालचाल, बोलणे, समज, लक्ष आणि वागणूक पाहतात. हृदयाच्या डॉक्टरांकडे तिथे गर्दी असते आणि ते हृदय पाहतात. म्हणून तुम्हीच विचारा, 'याची वाढ कोण तपासेल?'

त्यासाठी मुंबईच गाठायला हवी असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरहून सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. जन्मजात दोष आणि विकासातला उशीर हे दोन्ही त्यांच्या तपासणीत येतात. पुढील उपचारांसाठी ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. तिथे वाचा-उपचार, व्यायाम-उपचार आणि मुलाच्या वागणुकीविषयी सल्ला मिळू शकतो. फक्त पथकासमोर मूल उभे करताना सदरा काढून खूण दाखवा आणि फाईल हातात द्या. नाहीतर धडधाकट मूल म्हणून ते पुढे निघून जातात, आणि त्यांचाही दोष नसतो. एका दिवसात त्यांना कितीतरी मुले पाहायची असतात.

फाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून सातबाऱ्याच्या कागदांबरोबर ठेवा. पहिल्या पानावर दोषाचे नाव, ऑपरेशनची तारीख, रुग्णालयाचे नाव आणि चालू औषधे कोणाकडून तरी सुवाच्य मराठीत लिहून घ्या. पथक पुढच्या वेळी कोणत्या तारखेला येणार आहे ते आशाताईंना किंवा अंगणवाडी सेविकेला विचारून ठेवा, आणि त्या दिवशी लावणी असो की कापणी, घरातले एक माणूस मुलाबरोबर पाठवा.